सफारीच्या आधी आणि नंतर कॉफीच्या मळ्यावर मुक्काम: अरुशा आणि कराटूबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टांझानियाला निघालेल्या ओळखीच्या कुटुंबांचे फोन येतात तेव्हा सेरेंगेटीबद्दल फारसं कुणी विचारत नाही. ती माहिती सगळ्यांनी आधीच गोळा केलेली असते. प्रश्न असतात ते सफारीच्या दोन टोकांच्या रात्रींचे. उतरल्यावर कुठे राहायचं, परतताना कुठे थांबायचं, त्या रात्रींवर पैसे घालावेत की तेवढ्यात जंगलातला एक दिवस वाढवावा? मी या भागात, म्हणजे उत्तर टांझानियातल्या अरुशा आणि कराटूच्या परिसरात, तीनदा राहिलो आहे, एकदा सत्तरी ओलांडलेल्या आईला घेऊन. त्या अनुभवावरून ही उत्तरं एका जागी लिहून ठेवतो आहे.

सफारी एवढी महाग असताना लॉजवर आणखी रात्री कशासाठी घालवायच्या?

सफारीचा दिवस बाहेरून वाटतो तितका आरामाचा नसतो. पहाटे साडेपाचला उठायचं, सहाला गाडीत बसायचं, आठ-दहा तास छप्पर उघडलेल्या जीपमधून धुळीचे रस्ते तुडवायचे आणि अंधार पडता पडता तंबूत परतायचं. असे चार-पाच दिवस सलग झाले की शरीर बोलायला लागतं. त्यात मुंबईहून निघून नैरोबी किंवा अदिस अबाबाला विमान बदलून आलेली रात्र झोपेविना गेलेली असते. त्याच दिवशी थेट जंगलात शिरलेली माणसं तारांगिरे उद्यानातल्या हत्तींसमोर डुलक्या घेताना मी पाहिली आहेत.

दुसरं कारण सामानाचं. विमान बदलताना बॅग मागे राहण्याचा प्रसंग आमच्यावर एकदा आला, आणि ती दुसऱ्या दिवशी दुपारी मिळाली. आम्ही अजून विमानतळाजवळच होतो म्हणून निभावलं. सेरेंगेटीच्या मध्यावर पोहोचलो असतो तर आईची रक्तदाबाची औषधं तिच्यापर्यंत पोचवणं फार अवघड गेलं असतं. (औषधं हातातल्याच बॅगेत ठेवायची, हे आम्ही त्या दिवशी शिकलो.)

‘कंट्री लॉज’ म्हणजे नेमकं काय? हॉटेलपेक्षा वेगळं काय असतं?

उत्तर टांझानियातले असे बरेच लॉज मुळात शेतावरची घरं आहेत. जर्मन आणि नंतर ब्रिटिश राजवटीत मेरू पर्वताच्या पायथ्याशी आणि न्गोरोंगोरो या ज्वालामुखीच्या विवराच्या उतारांवर कॉफीचे मळे उभे राहिले. त्यांतल्या काही घरांना पुढे पाहुण्यांसाठी खोल्या जोडल्या गेल्या. कराटूजवळचं गिब्ज फार्म हे त्यातलं जुनं, नावाजलेलं ठिकाण. अरुशा शहराच्या पश्चिमेला बुर्का मळ्यात अरुशा कॉफी लॉज आहे, तर पूर्वेला उसा रिव्हर गावात नदीकाठी रिव्हरट्रीज आहे.

प्रत्येकाची तऱ्हा वेगळी, पण सांगाडा साधारण सारखाच असतो. मोकळ्या आवारात विखुरलेल्या कॉटेज, मधोमध जेवणाचं मोठं घर आणि पुढे व्हरांडा. मागे भाजीची बाग असते आणि तिथली कोबी-गाजरं संध्याकाळी ताटात येतात. खोलीत शेकोटी असते. थंडीच्या दिवसांत जेवून परतलात की अंथरुणात गरम पाण्याची पिशवी ठेवलेली असते. आईने घरी परतल्यावर हत्तींच्या आधी त्या पिशवीचं सांगितलं.

या मळ्यांत कॉफीवर सावली धरायला लावलेली उंच झाडं पाहिलीत तर ओळखीची वाटतील. ती सिल्व्हर ओक, म्हणजे पाचगणीच्या रस्त्यांवर दिसतात तीच. माती लाल आहे आणि हवाही साधारण आपल्या घाटमाथ्यासारखी. कराटू सुमारे १,५०० मीटर उंचीवर आहे, म्हणजे महाबळेश्वरपेक्षा थोडं वरच.

अरुशा, उसा रिव्हर की कराटू? कुठे राहावं?

नकाशा डोळ्यांसमोर आणा. किलिमांजारो आंतरराष्ट्रीय विमानतळ अरुशा आणि मोशी या शहरांच्या मध्ये आहे. तिथून अरुशा सुमारे ५० किलोमीटर, आणि उसा रिव्हर त्याच रस्त्यावर अलीकडे, अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर. अरुशाहून पश्चिमेला निघालं की मकुयुनीच्या फाट्यावरून म्तो वा म्बू गाव लागतं, मग मन्यारा सरोवराच्या बाजूचा कडा चढून कराटू. अरुशा ते कराटू अंतर सुमारे १४० किलोमीटर आहे. रस्ता चांगला डांबरी आहे, पण वाटेत गावं लागतात, वेगमर्यादा कडक आहे आणि वाहतूक पोलीस खरोखर थांबवतात. म्हणून अडीच ते तीन तास धरा. कराटूच्या पुढे थोड्याच अंतरावर न्गोरोंगोरोचं लोदोआरे फाटक.

म्हणून माझा सल्ला असा: पहिली रात्र उसा रिव्हर किंवा अरुशात, शेवटच्या दोन रात्री कराटूत. रात्री उशिरा उतरून तीन-चार तास अंधारात कराटू गाठण्याचा आग्रह धरू नका. आणि सेरेंगेटीहून परतताना एका दमात अरुशा गाठायचं म्हटलं तर तो पूर्ण दिवस गाडीतच जातो. सेरेंगेटीच्या मध्यावरच्या सेरोनेराहून कराटूच पाच तासांच्या आसपास आहे, वाटेत सिंह दिसले तर त्याहून जास्त.

रस्ता नको असेल तर सेरोनेराच्या धावपट्टीवरून छोट्या विमानाने मन्याराच्या धावपट्टीवर उतरता येतं. तिथून कराटू जवळ आहे. गुडघेदुखी किंवा पाठदुखी असलेल्यांनी हा खर्च करावा, असं मी स्पष्टच सांगतो.

एकच जादा रात्र परवडणार असेल तर ती आधी घ्यावी की नंतर?

दुपारपर्यंत उतरणार असाल तरीही आधी. पहिल्या रात्रीची झोप नसेल तर पुढचे दोन दिवस फुकट जातात, आणि जंगलातल्या एका दिवसाची किंमत लॉजच्या रात्रीपेक्षा खूप जास्त असते.

दोन रात्री परवडत असतील तर मात्र एक आधी आणि एक नंतर घ्या. तीन असतील तर नंतरच्या दोन कराटूत घ्या, आणि त्या दोन रात्रींमधला दिवस पूर्ण मोकळा ठेवा. त्या दिवशी कुठलंही तिकीट काढू नका. सफारीत रोज इतकं पाहिलेलं असतं की कोणता चित्ता कुठल्या दिवशी दिसला याचा गोंधळ होतो. व्हरांड्यात बसून मुलांनी फोटो लावायचे, आईने वहीत लिहायचं, कुणी नुसतं झोपायचं. आमच्या घरात आजही त्या प्रवासाच्या गप्पा निघतात त्या बहुतेक त्या व्हरांड्यात पहिल्यांदा सांगितलेल्या आहेत.

न्गोरोंगोरोचं विवर कराटूहून पाहता येतं का, की काठावरच राहायला हवं?

येतं. विवराचा काठ सुमारे २,३०० मीटर उंचीवर आहे आणि तिथले लॉज दृश्यासाठी अप्रतिम, पण महाग असतात. शिवाय काठावर बऱ्याचदा सकाळभर धुकं असतं. कराटूहून सहाच्या आधी निघून फाटक उघडताना तिथे हजर राहिलात तर सकाळीच खाली उतरता येतं. विवर सुमारे ६०० मीटर खोल आहे आणि तळ साधारण २६० चौरस किलोमीटरचा. गेंडे, सिंह, हत्ती, पाणघोडे आणि फ्लेमिंगो तिथे एका दिवसात दिसण्याची शक्यता बरीच असते. संध्याकाळी सहाच्या आत सगळ्या गाड्यांना वर यावंच लागतं. मग अर्ध्या-पाऊण तासात पुन्हा कराटूच्या गरम पाण्याखाली.

एक हिशेब मात्र आधी करा. उद्यानांचे परवाने बहुधा २४ तासांच्या बोलीवर असतात. तुमचा वाहनचालक निघायच्या वेळेबद्दल घाई करत असेल तर त्यामागे हे कारण असतं. त्याचं ऐका.

हवा कशी असते? थंडीचे कपडे खरंच लागतात का?

लागतात, आणि इथेच सर्वांत जास्त चूक होते. ‘आफ्रिका म्हणजे ऊन’ असं धरून पुण्या-मुंबईची माणसं सुती शर्ट भरून येतात. जून ते ऑगस्टमध्ये कराटूला रात्री पारा १० अंशांच्या आसपास उतरतो, विवराच्या काठावर त्याहून खाली. पहाटे उघड्या जीपमध्ये वारा लागतो तो वेगळाच. एक स्वेटर, एक वाऱ्याला अडवणारं जॅकेट, कानटोपी आणि मोजे घ्या. दुपारी मात्र टी-शर्ट पुरतो.

सफारीसाठी गडद निळे आणि काळे कपडे टाळा. तारांगिरे आणि सेरेंगेटीच्या काही भागांत त्सेत्से माश्या असतात आणि त्या या रंगांकडे ओढल्या जातात. लॉजवर रंगांचं बंधन नाही, तिथे हवं ते घाला.

कोणत्या महिन्यात जावं?

प्राणी कधी आणि कुठे, हे आधी ठरवा. लॉज त्यामागून ठरतो. जानेवारी ते मार्च विल्डबीस्टच्या, म्हणजे कळपाने स्थलांतर करणाऱ्या मोठ्या हरणवर्गी प्राण्यांच्या, पिल्लांचा हंगाम असतो, दक्षिणेला न्दुतूच्या आसपास. जुलैच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत कळप उत्तरेला मारा नदीपाशी असतात. मार्चच्या मध्यापासून मेपर्यंत ‘मसिका’, म्हणजे मोठा पाऊस. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये ‘वुली’, छोटा पाऊस.

मळ्याच्या दृष्टीने पाहिलंत तर जुलै ते डिसेंबर हा कॉफीच्या तोडणीचा काळ, त्यामुळे फळं तोडण्यापासून वाळवणीपर्यंतचं सगळं काम डोळ्यांसमोर दिसतं. अरुशात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जॅकरांडा फुलतो आणि रस्ते जांभळे होतात. मोठ्या पावसात लॉजचे दर उतरतात. चिखलाची तयारी असेल तर तेव्हाही जाता येतं. न्दुतूची काळी माती ओली झाली की गाड्या रुततात. विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांना हे समजावून सांगायला नको.

आम्ही शाकाहारी आहोत. उपाशी राहावं लागेल का?

नाही. उलट या मळ्यांवर शाकाहारी माणसाची चैन असते. फक्त आधी सांगायला हवं, आणि नेमकं सांगायला हवं. ‘व्हेजिटेरियन’ म्हटलं की काही ठिकाणी मासे चालतील असं धरतात. अंडं चालतं का, कांदा-लसूण चालतो का, जैन जेवण हवं का, हे आरक्षणाच्या वेळीच लिहून कळवा आणि पोहोचल्यावर स्वयंपाकघरातल्या माणसाला पुन्हा एकदा समोरासमोर सांगा. ‘न्यामा हपाना, कुकू हपाना, सामाकी हपाना’, म्हणजे मांस नको, कोंबडी नको, मासे नकोत. अंडं नको असेल तर ‘मायाई हपाना’.

आता ताटात काय येतं ते सांगतो, कारण इथे मन रमतं. ‘चपाती’ तिथे चपातीच आहे. थोडी जाड, पदर सुटलेली, आपल्या पराठ्याकडे झुकणारी. ‘चाय’ म्हणजे चहा. ‘कचुंबारी’ म्हणजे कांदा-टोमॅटोची आपली कचुंबर, नावासकट. ‘म्चिचा’ म्हणजे राजगिऱ्याच्या कुळातली पालेभाजी. ती कधी नारळाच्या दुधात, कधी शेंगदाण्याच्या कुटात शिजवतात. आईने पहिल्या घासाला ‘माठ आहे हा’ म्हणून ओळखली. ‘महारग्वे’ म्हणजे राजम्यासारख्या घेवड्याची नारळ घातलेली उसळ. ‘वाली’ म्हणजे भात. ‘उगाली’ म्हणजे पांढऱ्या मक्याच्या पिठाची घट्ट उकड. ती हाताने गोळा करून भाजीला लावून खायची.

आणि ‘म्बाझी’ म्हणजे तूर. कराटू आणि बाबाती भागात तुरीचं पीक मोठं आहे, मक्याच्या ओळींमध्ये तुम्हाला ते दिसेल. ही तूर मुख्यतः भारतासाठी पिकते. ऑगस्ट २०१७ मध्ये भारताने तुरीच्या आयातीवर मर्यादा घातली तेव्हा इथल्या शेतकऱ्याचे भाव कोसळले. आपल्याकडे त्याच सुमारास तूर उत्पादक हमीभावाच्या खरेदी केंद्रांवर रांगा लावून थकला होता. मळ्याच्या कुंपणापाशी उभं राहून एका शेतकऱ्याशी मी मोडक्या स्वाहिलीत तुरीवर अर्धा तास बोललो. त्या प्रवासातला तो माझा सर्वांत जिवाभावाचा अर्धा तास.

घरून चिवडा, मेतकूट, लोणच्याची छोटी बाटली आणा, हरकत नाही. पण टांझानियात १ जून २०१९ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे. दुकानातल्या कॅरीबॅगेत काहीही बांधून आणू नका. डबे किंवा कापडी पिशव्या वापरा.

मोकळ्या दिवशी करायचं काय? कंटाळा नाही का येत?

मळ्यावर कॉफीचा फेरफटका आधी करा. पिकून लाल झालेली फळं, गर काढायचं यंत्र, दाणे आंबवायच्या टाक्या, मग धुऊन उंच माचांवर पसरलेली वाळवण. इथे अरेबिका जातीची कॉफी होते. टांझानियाच्या कॉफीचा लिलाव परंपरेने मोशीला होत आला आहे. एका फळात दोनऐवजी एकच गोल दाणा निघतो त्याला पीबेरी म्हणतात, आणि इथल्या पीबेरीचं जगभर नाव आहे. काही लॉजवर तुम्हाला स्वतः दाणे भाजून, कुटून, कप करून प्यायला देतात. कॉफीचा वास किती वेळा बदलतो ते तिथे उभं राहूनच कळतं.

चालायची हौस असेल तर कराटूच्या वरच्या अंगाला न्गोरोंगोरोच्या राखीव जंगलात वनरक्षकासोबत जाता येतं. वाटेत धबधबा लागतो, आणि पुढे हत्तींनी सोंडेने-सुळ्यांनी माती खोदून केलेल्या कपारी. मातीतल्या क्षारांसाठी हत्ती तिथे येतात. इतके दिवस जीपमधून पाहिलेला प्राणी कुठल्या पायवाटेने चालतो ते तिथे स्वतःच्या पायांनी कळतं. चढ आहे, पण साधी सवय असलेल्या माणसाला जमतो.

अरुशाच्या बाजूला असाल तर अरुशा राष्ट्रीय उद्यान जवळ आहे. ४,५०० मीटरहून उंच मेरू पर्वत त्याच्यातच येतो. मोमेला सरोवरं, न्गुर्दोतो विवर, आणि झाडांवर काळी-पांढरी कोलोबस माकडं. त्यांच्या पाठीवरची लांब पांढरी झूल उडी मारताना पसरते ते दृश्य विसरता येत नाही. सशस्त्र वनरक्षक सोबत असेल तर इथे पायी फिरता येतं. लहान मोमेलावर नावही वल्हवता येते. पहिल्या दिवशी अंग मोकळं करायला हे उत्तम.

कराटू परिसरात इराक्व लोकांची वस्ती आहे. पूर्वी शत्रूंच्या धाडींपासून लपायला ते डोंगरउतारात अर्धी जमिनीखाली घरं खोदत. तशी घरं आज पाहुण्यांना दाखवली जातात.

एयासी सरोवराकडे हादझाबे शिकाऱ्यांना भेटायला जावं का, असं बरेच जण विचारतात. रस्ता खडबडीत आहे आणि त्यांच्याबरोबर शिकारीला जायचं तर पहाटे अंधारात निघावं लागतं. मग मोकळा दिवस मोकळा राहत नाही. वेगळा दिवस असेल तर जा, आणि लहान गटाने, त्यांची भाषा जाणणारा माणूस घेऊन जा. फोटोआधी विचारा. विश्रांतीच्या दिवसात हे कोंबू नका.

लॉजच्या आवारात रात्री प्राणी येतात का? सुरक्षित आहे का?

जंगलाच्या कडेच्या मळ्यांवर येतात. रानरेडे, रानडुकरं, कधी हत्ती. म्हणून अंधार पडल्यावर कॉटेजमधून एकट्याने बाहेर पडायचं नाही. प्रत्येक लॉजवर ‘अस्कारी’, म्हणजे राखणदार असतात. फोन केला किंवा टॉर्च दाखवली की ते घ्यायला येतात आणि जेवणघरापर्यंत सोबत चालतात. ‘दोन मिनिटांचं तर अंतर आहे’ म्हणून हा नियम मोडू नका. मुलांना पहिल्याच संध्याकाळी नीट समजावून सांगा.

वयस्कर आई-वडिलांना किंवा लहान मुलांना घेऊन जमेल का?

छान जमतं, पण खोली निवडताना विचारपूस करा. कॉटेज उतारावर विखुरलेल्या असतात आणि वाटा दगडी. जेवणघराच्या जवळची, पायऱ्या कमी असलेली कॉटेज मागा. आरक्षणाच्या वेळी सांगितलं तर बहुतेक ठिकाणी मिळते. न्हाणीघरात धरायला आधार आहे का, हेही विचारा. काही लॉज ठरावीक वयाखालच्या मुलांना घेत नाहीत, तर काहींकडे खास कुटुंबासाठी दोन खोल्यांच्या कॉटेज असतात.

आईला पूर्ण सहा दिवस सफारी झेपणार नव्हती. म्हणून विवराच्या दिवशी आम्ही गेलो आणि ती मळ्यावरच थांबली. बागेत काम करणाऱ्या बायकांबरोबर तिने सकाळभर वाटाणे सोलले. संध्याकाळी आम्ही गेंड्याबद्दल सांगत होतो आणि ती त्या बायकांच्या मुलांची नावं. घरातल्या एखाद्याला जंगलाचा एक दिवस टाळायचा असेल तर त्यासाठी लॉज उत्तम जागा आहे. त्यांना ओढून नेऊ नका.

यलो फीवरची लस, मलेरियाच्या गोळ्या, व्हिसा: काय काय लागतं?

यलो फीवरची (पीतज्वराची) लस टोचून घ्याच. यलो फीवर असलेल्या देशातून आलेल्या, किंवा तिथल्या विमानतळावर १२ तासांहून जास्त थांबलेल्या प्रवाशांकडे टांझानिया प्रमाणपत्र मागते. त्याहून महत्त्वाचा परतीचा प्रवास. केनिया आणि इथिओपिया भारताच्या यलो फीवर असलेल्या देशांच्या यादीत आहेत आणि आपली बरीचशी विमानं तिथूनच येतात. प्रमाणपत्र नसेल तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते, आणि एकदा घेतली की प्रमाणपत्र जन्मभर चालतं. साठीच्या पुढच्यांनी आणि अंड्याची ॲलर्जी असलेल्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं.

मलेरिया उंचावर कमी असतो, पण तुम्ही उंचावरच राहणार नाही. म्तो वा म्बू या गावाच्या नावाचाच अर्थ ‘डासांची नदी’ असा आहे. कोणत्या गोळ्या आणि कधीपासून, हे डॉक्टरांनाच ठरवू द्या.

टांझानियाचा ई-व्हिसा सरकारी संकेतस्थळावरूनच काढा, सारखी दिसणारी खासगी संकेतस्थळं जास्त पैसे घेतात. साध्या पर्यटक व्हिसाचं शुल्क ५० डॉलर आहे. नैरोबीला उतरून नमांगा सीमेवरून रस्त्याने अरुशाला येणार असाल तर केनियाची वेगळी इलेक्ट्रॉनिक परवानगीही लागेल. ‘ईस्ट आफ्रिका टुरिस्ट व्हिसा’ केनिया, युगांडा आणि रवांडा यांच्यासाठी आहे, त्यात टांझानिया येत नाही. ही गफलत फार जण करतात. पुढे झांझिबारला जाणार असाल तर ऑक्टोबर २०२४ पासून तिथला सक्तीचा विमाही वेगळा घ्यावा लागतो.

वीज, पाणी, वायफाय, पैसे?

प्लग ब्रिटिश पद्धतीचे, चौकोनी तीन पिनांचे. आपला चार्जर लागत नाही, ॲडॉप्टर न्या. नळाचं पाणी पिऊ नका, खोलीत प्यायचं पाणी ठेवलेलं असतं. वायफाय बहुधा जेवणघराजवळच चांगलं चालतं. डॉलरच्या नोटा नव्या छपाईच्या आणि न फाटलेल्या न्या. २००९ च्या आधीच्या नोटा बऱ्याच ठिकाणी घेत नाहीत. दुकानांसाठी शिलिंग, म्हणजे तिथलं चलन, जवळ ठेवा. वाहनचालक-मार्गदर्शकाला गाडीमागे दिवसाला २० डॉलरच्या आसपास बक्षिसी देण्याची सर्वसाधारण प्रथा आहे. लॉजवर सगळ्यांसाठी एकच पेटी असते. त्यात टाकलेले पैसे स्वयंपाकघरात आणि बागेत राबणाऱ्यांपर्यंतही पोहोचतात, म्हणून मी पेटीतच टाकतो.

छोट्या विमानाने जाणार असाल तर सामान बहुधा १५ किलोपर्यंत आणि मऊ बॅगेतच चालतं. मोठी सूटकेस पहिल्या लॉजवर ठेवून जाता येते का ते विचारा. त्याच लॉजवर परतणार असाल तर बहुतेक ठिकाणी आनंदाने ठेवून घेतात.

थोडीफार स्वाहिली शिकावी का?

जरूर. निम्मं तर तुम्हाला येतंच. दुकानाला ‘दुका’, गाडीला ‘गारी’, विम्याला ‘बीमा’, लाखाला ‘लाकी’. रिक्षाला ‘बजाजी’ म्हणतात, कारण पुण्याच्या बजाजच्या रिक्षांनीच ते नाव तिथे नेलं. वडीलधाऱ्या माणसाला भेटलात की ‘शिकामो’ म्हणा. त्याचा मूळ अर्थ ‘तुमचे पाय धरतो’ असा सांगतात, आणि उत्तर येतं ‘मराहाबा’. माझ्या मुलीने लॉजच्या म्हाताऱ्या माळ्याला हे म्हटलं तेव्हा त्याने काम बाजूला ठेवून तिला सगळी बाग दाखवली.

वेळेची मात्र काळजी घ्या. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे, हे सोपं. पण स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात, आपल्या पंचांगातल्या घटकांसारखे. सकाळचे सात म्हणजे ‘सा मोजा’, पहिला तास. स्वाहिलीत कुणी गाडीची वेळ सांगितली तर घड्याळ दाखवून खात्री करा.

घरी काय आणावं?

मळ्यावरची भाजलेली कॉफी. कच्चे दाणे आणू नका, वनस्पती तपासणीच्या नियमांत अडकतात. टांझानाइट हा निळसर-जांभळा खडा जगात फक्त अरुशाजवळच्या मिरेरानी भागातच सापडतो. घ्यायचाच असेल तर परवानाधारक दुकानातून, पावती घेऊन. रस्त्यावर कुणी हातात ठेवला तर नम्रपणे परत करा. हाडं, शिंगं, पिसं, सुळे यांना हातसुद्धा लावू नका, जंगलात पडलेली सापडली तरी.

शेवटच्या दिवशी विमान रात्रीचं आहे. खोली तर सकाळी सोडावी लागणार. मग दिवसभर काय?

कराटूहून किलिमांजारो विमानतळ चार तासांच्या आसपास, आणि विमानाच्या तीन तास आधी पोहोचायचं. मध्यरात्रीच्या विमानासाठी कराटूची खोली दुपारपर्यंत वाढवून मागा. रिकामी असेल तर थोड्या पैशांत मिळते. नाहीतर उसा रिव्हरला दिवसापुरती खोली घ्या. अंघोळ, एक झोप, संध्याकाळचं जेवण, मग अर्ध्या तासाचा रस्ता. धुळीने माखलेले कपडे तिथेच बॅगेच्या तळाशी घाला आणि विमानासाठी एक स्वच्छ जोड सुरुवातीपासून वेगळा बांधून ठेवा.

निघायच्या संध्याकाळी आभाळ मोकळं असेल तर राखणदाराला विचारा, किलिमांजारो कुठून दिसतो. दिवसभर ढगांत लपलेलं ते शिखर बऱ्याचदा मावळतीला काही मिनिटं उघडं पडतं. आम्ही सामान गाडीत चढवत होतो तेव्हा ते दिसलं, आणि चालकाने न सांगताच गाडीचं इंजिन बंद केलं.